जायफळाची कॉफी आणि पंचेचाळीस हजारांचं मशीन

पत्र थोडक्यात असं आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहिणारी ३८ वर्षांची, पुण्यात बाणेरला राहते, आयटीत नोकरी, नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. वर्षभरापासून सोसायटीतल्या चार जोडप्यांचा ग्रुप जमलाय, महिन्यातून एका शनिवारी कोणाकडे तरी भेटतात, आधी कॉफी, मग सिनेमा, मग वाईन आणि उशिरापर्यंत गप्पा. माणसं चांगली आहेत, पण हिला तिथे दर वेळी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. एकाकडे एस्प्रेसो मशीन, दुसऱ्यांकडे एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी काढायची नळी) आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर. मागच्या वेळी हिच्याकडे होतं तेव्हा हिने आईच्या पद्धतीची, दुधातली, जायफळ घातलेली कॉफी केली, तर एक मैत्रीण म्हणाली, "जायफळ? कॉफीत? सीरियसली?" आणि सगळे हसले. वाईनमध्ये हिला गोव्याची गोड पोर्ट आवडते, ड्राय रेड, म्हणजे गोड नसलेली लाल वाईन, घोटाघोटाला नको होते, पण तोंडाने "मस्त आहे" म्हणते. एका संथ परदेशी सिनेमाला हिला झोप लागली, आणि त्याच आठवड्यात थिएटरात एका मराठी सिनेमाला ढसाढसा रडली, ते ग्रुपमध्ये सांगितलंच नाही. पुढच्या महिन्यात परत हिच्याकडे आहे. नवरा म्हणतो ४५ हजारांचं एस्प्रेसो मशीन ईएमआयवर घेऊन टाक. वडील रेल्वेत होते, त्यांनी हुबळीहून आणलेला पितळी कॉफी फिल्टर माळ्यावर पडलाय. ती विचारते, "मशीन घेऊ, का काहीतरी कारण सांगून ग्रुप सोडू, का असंच हो ला हो करत राहू? मला टेस्टच नाही का हो ताई? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल."

प्रिय मैत्रिणी,

अगं-तुगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी एकाच ओळीवर थांबले, जी तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीयस. यंदा तू विकतचा गोडा मसाला आणलास, डबा उघडल्या उघडल्या वासावरून कळलं की दगडफूल जास्त झालंय, आणि पुढच्या वेळी दुसरीकडून आणलास. ज्या बाईला डब्याच्या झाकणाआडून दगडफूल ओळखता येतं ती मला विचारतेय की मला टेस्ट नाही का. अगं, कॉफी टेस्ट करणारी माणसं पगार घेऊन हेच करतात, वास घ्यायचा, काय जास्त झालंय काय कमी पडलंय ते सांगायचं. तुझं नाक तयार आहे, जीभ तयार आहे. अडतंय ते शब्दांपाशी, आणि त्यातही शब्द तुझ्याकडे भरपूर आहेत, फक्त ते त्या शनिवारी चालत नाहीत असं तू धरून चाललीयस.

हे जरा नीट सांगते कारण असं वाटणारी तू एकटी नाहीस, गेल्या काही महिन्यांत या धाटणीची बरीच पत्रं आलीत. ड्राय रेड वाईन प्यायल्यावर जे तोंड सुकल्यासारखं होतं, हिरड्यांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं, ते द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे. आपल्याकडे त्याला तुरट म्हणतात. आवळा, कच्चं केळं, जांभूळ, सुपारी, आपण हे पाच वर्षांच्या असल्यापासून ओळखतो. आंबूस, उग्र, खमंग, करपट, पाणचट, कडसर, गुळचट, किती शब्द आहेत बघ, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. आंबट आणि आंबूस यातला फरक तुला कोणी समजावून सांगावा लागत नाही. मग पुढच्या वेळी ग्लास हातात आल्यावर "मस्त आहे" न म्हणता "मला ही जास्त तुरट लागतेय, सुपारीसारखी" असं म्हणून बघ. हे मत आहे आणि बरोबर मत आहे, वाईन बनवणाऱ्यालाही लगेच कळेल तू काय म्हणतेयस.

आता तुझ्या मनात एक पक्कं बसलंय की त्या सगळ्यांना कळतं आणि मला नाही. खरंच असं आहे का? नाशिकला सुला वाईनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या त्या २००० साली, आणि महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं २००१ मध्ये. त्याआधी नारायणगावला वाईन बनत होती, पण ती आपल्यासारख्यांच्या घरात किती जणांनी पाहिली होती? तुमच्या ग्रुपमधले सगळे चाळिशीच्या आसपासचे असतील तर त्यांच्या लहानपणी घरात जेवताना वाईन असण्याची शक्यता फारच कमी. म्हणजे सगळेच मोठेपणी शिकलेत, कोणी चार वर्षं आधी, कोणी दहा. हे गणित आणि इंग्रजीसारखं शाळेपासून येत नाही कोणाला.

आणि कळणाऱ्यांचंही सांगते. २००१ मध्ये फ्रान्सला बोर्दोमध्ये फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाईनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली, वास नसलेला लाल रंग मिसळून. मुलांनी तिचं वर्णन केलं ते रेड वाईनला वापरतात त्या शब्दांत. ती मुलं मूर्ख नव्हती, अभ्यास करत होती. डोळ्याने जे दिसतं, बाटलीवर जे लिहिलंय, शेजारचा जे बोलतो, ते सगळं चवीत मिसळतं, तुझ्याही आणि त्यांच्याही. त्यामुळे समोरच्याने सांगितलेलं मत ऐकायचं जरूर, पण त्याने आपली जीभ खोटी ठरत नाही.

गोड पोर्टचं म्हणशील तर त्यात लाज कसली. पोर्तुगालमध्ये दुरो नदीच्या खोऱ्यात जी मूळ पोर्ट होते ती गोडच असते, रस आंबत असतानाच मध्येच त्यात द्राक्षाचं कडक मद्य घालतात, आंबवणं थांबतं आणि साखर शिल्लक राहते. गोव्यातली स्वस्त पोर्ट त्या तोडीची नाही हे खरं, तिच्यात बारकावे नाहीत, पण गोड वाईन आवडणं म्हणजे अडाणीपणा हे कुठून आलं मला माहीत नाही. तुला गोड आवडतं तर एक पायरी पुढे जाऊन बघ, नाशिकची शेनिन ब्लांक, म्हणजे पांढरी वाईन, साधारण सातशे-आठशेपासून हजाराच्या आत मिळते, किंचित गोडसर आणि आंबट, नीट गार करून, आणि बरोबर कोथिंबीर वडी किंवा तिखटसर काहीतरी. तिखटाबरोबर तुरट रेड जास्तच बोचते, म्हणून कदाचित तुमच्याकडे चिकन सुक्क्याबरोबर ती तुला आणखी नकोशी होत असेल. आणि रेड "रूम टेंपरेचरला" प्यायची हे युरोपातल्या थंड खोल्यांचं सांगणं आहे, १६ ते १८ डिग्रीचं. पुण्यात एप्रिलमध्ये खोली ३२-३३ ला असते, त्या गरम रेडमध्ये दारूचाच वास पुढे येतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, फरक तुझा तुलाच कळेल. फिरवून उघडायच्या झाकणाची बाटली आहे म्हणून हलकी समजू नकोस, चांगल्या वाईनरी तशी झाकणं वापरतात. उरलेली बाटली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, संपवायचीच म्हणून त्या रात्री पिऊ नये. आणि प्यायचीच नसेल एखाद्या वेळी तर कोकम सरबताचा ग्लास हातात घेऊन बसायचं, कारण द्यायची गरज नाही.

आता मशीन. इथे मी जरा ठामपणे बोलणार आहे. पुढच्या महिन्याच्या शनिवारसाठी म्हणून मशीन घेऊ नकोस.

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी ढकलायचं, १८ ग्रॅम पूड, २५-३० सेकंद, कपात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. हे जमायला दळण अगदी नेमकं लागतं, एक खाच इकडे तिकडे झाली की एकदा कडू जहर आणि एकदा आंबट पाणी. म्हणजे ४५ हजारांच्या मशीनबरोबर चांगला ग्राइंडर आला, तो वेगळा, आणि ताजी भाजलेली कॉफी आली दर महिन्याला, आणि रोज धुणं-पुसणं, आणि बोअरचं पाणी असेल तर आत क्षार साठतो तो काढणं. ज्यांना या सगळ्यात रमायला आवडतं त्यांच्यासाठी ते फार सुंदर यंत्र आहे, मी अशा दोघा-तिघांना ओळखते, ते सकाळी सहाला उठून त्या मशीनपाशी उभे असतात आणि सुखात असतात. तू पत्रात एकदाही लिहिलेलं नाहीस की मला एस्प्रेसो आवडते. तू लिहिलंयस की त्यांच्याकडे आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी सेलमध्ये एक मशीन घेतलं, ग्राइंडर घ्यायला पैसे उरले नाहीत म्हणून तयार पूड वापरत राहिले, कॉफी कायम पाणचट यायची आणि दीड वर्षाने ते ओट्यावरून खाली गेलं. तेव्हा वाईट वाटलं ते पैशापेक्षा जास्त याचं की तितके दिवस मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.

तुला काहीतरी घ्यायचंच असेल, आणि हे तुझ्यासारख्या सगळ्यांना सांगतेय, तर आधी हाताचा ग्राइंडर घे, खलबत्त्यासारखा नव्हे, ज्यात दोन दातेरी भागांमध्ये बी भरडली जाते तसा, दोन ते चार हजारांत बरा मिळतो. मिक्सरमध्ये दळलं की काही भुगा होतो आणि काही जाड तुकडे राहतात, भुग्यातून कडवटपणा उतरतो आणि तुकडे कच्चेच राहतात, म्हणून ती कॉफी एकाच वेळी कडू आणि आंबट लागते. कॉफीच्या पाकिटावर भाजल्याची तारीख बघ, महिन्याभरातली हवी. आणि स्वयंपाकघरात पाचशे रुपयांचा वजनकाटा असेलच, १५ ग्रॅम कॉफीला २५० मिली पाणी, कॉफी जाडसर दळून फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीच्या दट्ट्याच्या भांड्यात, चार मिनिटं, इतकंच. यात कोणी चूक काढू शकत नाही.

मोका पॉटबद्दल तू वेगळं विचारलंयस म्हणून सांगते. इटलीत बियालेत्ती यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये निघालं ते, गॅसवर ठेवायचं साधं भांडं आहे आणि माझं सगळ्यात आवडतं. ॲल्युमिनियमचं असेल तर इंडक्शनवर चालत नाही, हे घेण्याआधी बघ. खाली आधीच गरम केलेलं पाणी भरायचं, बाजूच्या व्हॉल्व्हच्या जरा खाली, मधल्या जाळीत पूड भरायची पण दाबायची नाही, आच बारीक, झाकण उघडं ठेवून समोर उभं राहायचं. आधी मधासारखी गडद धार येते, मग ती फिकी होत जाते, आणि फसफस आवाज यायला लागला की लगेच उतरवून बूड नळाखाली धरायचं. लोक तो आवाज पूर्ण होऊ देतात आणि मग म्हणतात मोका पॉटची कॉफी करपट लागते. एरोप्रेसही चांगलं आहे, ते २००५ साली ॲलन ॲडलर यांनी काढलं, ज्यांनी लांब उडणारी ती खेळण्यातली रिंगही बनवली होती, एकट्या माणसाला झटपट एक कप करायला ते उत्तम. पण आठ जणांना कॉफी द्यायची तर आठ वेळा दाबत बसशील, तुझ्या शनिवारच्या कामाचं नाही.

मग आठ जणांना काय द्यायचं. जायफळाचीच दे.

मला माहितीय, तुला तो हशा अजून टोचतोय. पण तो प्रसंग तू जसा लिहिलायस तसा मी परत वाचला. मैत्रिणीने विचारलं "जायफळ? कॉफीत?" आणि तू काय म्हणालीस? तू लिहिलंयस, "मी म्हटलं, अगं चुकून पडलं." म्हणजे सगळे हसले ते चुकून पडलेल्या जायफळाला हसले असण्याचीही शक्यता आहे ना? आपल्याकडे कित्येक घरांत कॉफी म्हणजे जायफळ-वेलदोड्याची दुधाळ कॉफीच होती, पाहुण्याला चहा चालत नसला की, किंवा रात्री जागायचं असलं की. अरबांकडे कॉफीत वेलदोडा घालतात आणि ती मानाने पाहुण्यापुढे ठेवतात. तुझ्या आईच्या पद्धतीला तू स्वतःच चूक म्हणून टाकलंस आणि मग ती सगळ्यांनी तशी घेतली. या वेळी कोणी विचारलंच तर सरळ सांग, "हो, माझ्या आईची पद्धत आहे, एक घोट घेऊन बघ आणि खरं सांग." त्यानंतरही कोणी तोंड वाकडं करून तुझ्या आईवर आलंच, तर तो टेस्टचा प्रश्न नाही, वागण्याचा आहे, आणि तेव्हा बाजूला घेऊन बोलायचं, "मला ते लागलं" एवढंच. पण ती वेळ आली नसताना ग्रुप सोडू नकोस. तू लिहिलंयस की मुलीला ताप होता तेव्हा रात्री अकराला यातल्याच दोघी औषध घेऊन आल्या होत्या. अशी माणसं चाळिशीत सहज मिळत नाहीत.

जायफळ मात्र किसून घाल, गॅस बंद केल्यावर, आणि चिमटीभरच, जास्त झालं की कडवट होतं, हे तुला मी सांगायला नको.

सिनेमाबद्दल मला थोडं वेगळं सांगायचंय, कारण इथे मी पूर्ण तुझ्या बाजूची नाही. रडलीस ते सांग, नक्की सांग, आणि नुसतं "छान होता" नको, कुठला प्रसंग, त्यात कोण कसं बघत होतं, तुला त्यात काय आठवलं, ते सांग. एका प्रसंगाबद्दल मनापासून बोललं की समोरचा मास्टरपीस वगैरे शब्द बाजूला ठेवून ऐकायला लागतो. लोकांना रडवणारा सिनेमा आणि जाणकारांचा सिनेमा अशा दोन जाती नसतात. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, मुंबईत वर्षाहून जास्त चालला, बायका-पोरांसकट माणसं बघायला गेली, आणि तोच १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. प्रभातचा तो स्टुडिओ होता तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तुझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर.

पण झोप लागली म्हणून तो संथ सिनेमा वाईट, हेही धरून चालू नकोस. आठवडाभर ऑफिस, शनिवारी दुपारी मुलीचे क्लास, मग रात्री नऊनंतर ग्लासभर वाईन घेऊन सबटायटल वाचायचे, कोणालाही झोप लागेल. रविवारी सकाळी एकटीने, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पहिली चाळीस मिनिटं बघ. आवडला तर आवडला, नाहीतर बंद कर आणि "मी परत बघितला, मला नाही पोचला, पण तो स्वयंपाकघरातला सीन राहिला डोक्यात" असं काहीतरी जे खरं असेल ते म्हण. न आवडल्याचं मतही बघून दिलेलं असलं की त्याला वजन येतं. ग्रुपलाही सुचव की सिनेमा वाईनच्या आधीच संपवायचा, दुपारी चारला सुरू.

आणि तुझ्या शनिवारसाठी एक. हजाराच्या आतल्या तीन बाटल्या आण, एक शेनिन ब्लांक, एक रेड आणि ती तुझी गोव्याची पोर्ट, तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून १, २, ३ नंबर टाक. सगळ्यांना चिठ्ठ्या दे, प्रत्येकाने मराठीतच लिहायचं, तुरट, गुळचट, जांभळासारखी, काकूंच्या लोणच्यासारखी, काहीही, आणि नाव न लिहिता डब्यात टाकायचं. मग वाचायचं आणि त्यानंतर कागद सोडायचे. कोणी जिंकलं हरलं असं करू नकोस, किंमत तर शेवटपर्यंत सांगूच नकोस. परत जाताना कोणाला गाडी चालवायला लागणार नाही एवढं आधी ठरवा.

नवऱ्याला सांग की तो मदत करायला बघतोय हे तुला कळलंय, आणि मशीनचं सहा महिन्यांनी बघू. तोवर घरात कॉफी रोज किती वेळा होते, कोण करतं, ते कॅलेंडरवर खुणा करत जा. सहा महिन्यांनी तुला खरंच एस्प्रेसो प्यावीशी वाटत असेल तर घे, तेव्हा मी नाही म्हणणार नाही, पण ईएमआयवर नको, साठवून घे, आणि वापरलेलं चांगल्या स्थितीतलं मिळतंय का ते आधी शोध, हौसेने घेऊन कंटाळलेले पुष्कळ असतात.

राहिला फिल्टर. तो या रविवारीच माळ्यावरून काढ. वरच्या भांड्याची भोकं उजेडात धरून बघ, बुजली असतील तर कोमट पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने मोकळी कर, बाहेरून पितांबरीने घास. आतून हिरवट किंवा काळपट दिसला तर आधी कल्हई करून घे, कसबा पेठेत तांबट आळीत चौकशी केलीस तर कोणीतरी सांगेल. कॉफीची पूड आणताना पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के ते छापलेलं असतं, ते वाच, ४९ टक्क्यांपर्यंत घालायची परवानगी आहे, इतकी नको, वीसच्या आसपास बघ, त्याने डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेली काळी कॉफी, दाट येतं आणि जिभेवर जरा रेंगाळतं. पूड हलकी दाबायची, उकळतं पाणी, झाकण, आणि वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशीचं डिकॉक्शन टाकून दे, दुसऱ्या दिवशीचं पी.

आणि फिल्टर लावण्याआधी वडिलांना एक फोन कर. आता ते भावाकडे असतात असं लिहिलंयस, संध्याकाळी मोकळे असतील. हुबळीला पूड कुठून आणायचे, चिकोरी किती घालायला सांगायचे, किती चमच्यांना किती पाणी, सगळं विचारून वहीत लिहून ठेव, आणि मलाही कळव, मला खरंच हवंय.

तुझी,
ताई